निचऱ्याच्या पाण्यातून जाणाऱ्या मिठाचा जमाखर्च ठेवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

क्षारपड जमिनी सुधारण्याच्या सरकारी योजनांच्या बातम्या आपल्या दैनिकात वेळोवेळी येतात. प्रस्तावाला मंजुरी मिळाली, निधी आला, अमुक शिवारात निचऱ्याचे पाईप पडले, अशा. त्या मी नेमाने वाचतो, कारण ज्या जमिनीविषयी हे सगळे चालले आहे तिच्यावरच आमची घरे चालतात. वारणाकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा मी सचिव आहे. पाळीपत्रक लावणे, पाणीपट्टीची खतावणी लिहिणे, मोटार जळली की रिवाइंडिंगला पाठवणे, रात्री-अपरात्री सभासदांचे फोन घेणे हे माझे काम. घरची शेती ओढ्याच्या अंगाला आहे आणि तिचा खालचा तुकडा चिबड, म्हणजे पाणी साचून बिघडलेला, आहे. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला या कामात जी उणीव दिसते ती मांडावी म्हणून हे पत्र. लांबले तर कात्री लावण्याचा अधिकार आपला आहेच, पण ओढ्याचा आणि मोजणीचा भाग कृपया गाळू नये.

शेतातून मीठ बाहेर काढण्यासाठी सरकार पैसा खर्च करते आणि तो करायलाच हवा. मात्र ते मीठ बांधाबाहेर पडल्यावर कुठे जाते, किती जाते, वाटेत कुठे अडते, याचा हिशेब कोणाच्याही दप्तरात नाही. त्यामुळे एका बाजूने जमीन सुधारते आणि काही वर्षांनी तीच जमीन पुन्हा मीठ फुटलेली दिसते. मग नवा प्रस्ताव तयार होतो.

आमच्या भागातली जमीन काळी, खोल आणि भारी. वाळवा, पलूस, तासगाव, मिरजेचा पश्चिम भाग, सगळीकडे हीच. तिने पाणी धरले की लवकर सोडत नाही. ब्रिटिश अमदानीत कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून कृष्णा कालवा निघाला, त्यानंतर नद्यांवर ठिकठिकाणी उपसा योजना झाल्या आणि जिरायत शिवार बारमाही उसाखाली आले. या पाण्यानेच आमची पोरे शिकली, घरांवर स्लॅब पडले. पाण्याला दोष देणाऱ्यांतला मी नाही. पण पाणी आत आणण्याची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी ते बाहेर जाण्याची घेतली गेली नाही. नीरा डाव्या कालव्याखाली बारामतीकडच्या जमिनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच अशा बिघडल्या होत्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथे चर खोदायला घेतले होते. म्हणजे हा धोका आपल्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

समुद्र एवढा लांब, मग मीठ आले कुठून, असे शहरातले पाहुणे विचारतात. थोडे खतांतून येते, थोडे जमिनीखालच्या पाण्यातून वर चढते आणि बरेचसे आपण दिलेल्या पाण्यातूनच उतरते. नदीचे पाणी गोडे लागले तरी त्यात क्षार असतातच. हिशेबापुरते एका लिटरला ३०० मिलिग्रॅम धरा. उसाच्या एका एकराला वर्षभरात सगळ्या पाळ्या मिळून २०० सेंटीमीटर पाणी दिले, तर ते साधारण ८० लाख लिटर होते. म्हणजे एका एकरात, एका वर्षात, सुमारे २,४०० किलो क्षार नुसत्या पाण्यावाटे उतरला. ऊस त्यातला फार थोडा उचलतो. पाऊस चांगला झाला आणि खाली निचरा असला तर उरलेला धुऊन जातो. निचरा नसला की भूजल वर वर येते, मातीतल्या बारीक पोकळ्यांतून ओल पृष्ठभागापर्यंत चढते, उन्हाने पाणी उडते आणि मीठ जागेवर राहते.

मार्च महिन्यात सकाळच्या वेळी आमच्या खालच्या तुकड्यात यावे. वरंब्याच्या माथ्यावर पांढरी खपली धरलेली असते. चालताना पायाखाली ती कुरकुरते आणि टाच आत रुतली की खाली काळा चिखल लागतो. खोडव्याचे फुटवे वितभर उंचीवर थांबलेले, पानांचे शेंडे करपलेले. बांधाकडेला लव्हाळा आणि त्यापलीकडे पाणकणीस. शेजारच्या रानात याहून वेगळी तऱ्हा आहे. तिथे पांढरे काही दिसत नाही. जमीन काळपट, तेलकट दिसते, पाणी दिले की दिवसेंदिवस तळ्यागत उभे राहते आणि वाळल्यावर ढेकळे कुळवाला दाद देत नाहीत. पहिली जमीन क्षारयुक्त, दुसरी चोपण. दोन्ही दुखणी निरनिराळी आहेत आणि त्यांचा इलाजही निराळा.

इथे एका गोष्टीवर थोडे थांबतो, कारण गावोगाव याच जागी शेतकऱ्याचा पैसा वाया जातो. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात. तिची विद्युत वाहकता, ज्याला आम्ही सगळे ईसी म्हणतो, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर जाते. तिला चर आणि गोड्या पाण्याने धुणे, एवढेच औषध. चोपण जमिनीत विनिमययुक्त, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या वर असतो, सामू (पीएच) ८.५ च्या पुढे जातो, मातीचे कण फुटून पाण्याची वाट बंद होते. तिला जिप्सम लागते, ढैंच्यासारखे हिरवळीचे खत लागते आणि त्यानंतर निचरा. पहिल्या जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे आहे त्या मिठात आणखी भर घालणे. तरीही दुकानात गेले की ‘क्षारपड आहे ना, मग जिप्सम न्या’ हाच सल्ला मिळतो. निदान व्हावे म्हणून केंद्र सरकारने २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका सुरू केली. पत्रिका चांगली आहे. तिच्यात १२ घटक तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, ईसी आणि सेंद्रिय कर्ब. त्यात सोडियम नाही. देशातल्या बाकी जिल्ह्यांना कदाचित तो लागत नसेल. आम्हाला पहिल्यांदा तोच लागतो. कृष्णा-वारणा काठच्या तालुक्यांत तरी सोडियमची तपासणी पत्रिकेला जोडावी.

त्याच पत्रिकेतला दुसरा घोळ ईसीचा. प्रयोगशाळेत माती आणि पाणी ठरावीक प्रमाणात कालवून पत्रिकेवरची ईसी काढतात. चारचा निकष आहे तो मातीच्या संपृक्त अर्काचा, म्हणजे माती जेमतेम भिजेल एवढेच पाणी घालून त्यातून काढलेल्या पाण्याचा. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. पत्रिकेवरचा आकडा नेहमी लहान दिसतो. पत्रिकेवर १.२ बघून आमचे सभासद म्हणतात, ‘चारच्या खाली आहे, काळजी नाही.’ काळजी असते. शिवाय चार ही रेघ सगळ्या पिकांना सारखी नाही. ऊस संपृक्त अर्काच्या १.७ ईसीपासूनच उतार कमी द्यायला लागतो आणि पुढच्या प्रत्येक एककाला जवळपास ६ टक्के घट येते. म्हणजे जमिनीला सरकारी कागदावर क्षारयुक्त हे नाव मिळेपर्यंत उसाचे १४ टक्के गेलेले असतात. एकरी ५० टनांच्या रानात हे ७ टन झाले. शेतकरी ते नुकसान बियाण्यावर, हवेवर, पाऊसमानावर घालतो आणि खताचे पोते वाढवतो.

आता पाईपांविषयी. भूमिगत निचऱ्याची पद्धत आपल्या जमिनीत चालते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मीटर-सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पाईप, त्यावर गाळ आत जाऊ नये म्हणून कापडी गाळणी, ठरावीक अंतरावर अशा ओळी, त्या सगळ्या एका मोठ्या पाईपला, म्हणजे कलेक्टरला, जोडलेल्या आणि कलेक्टर ओढ्यात सोडलेला. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने इथल्याच काळ्या मातीत याचे प्रयोग केले आहेत. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट केले, कर्जे काढली आणि पडीक झालेल्या रानांत पुन्हा ऊस उभा केला. ते आम्ही जाऊन पाहिले आहे. कर्नालला १९६९ पासून मृदा लवणतेसाठी स्वतंत्र केंद्रीय संस्था आहे. ज्ञान आपल्याकडे भरपूर आहे.

अडते ते ओढ्यापाशी.

आमच्या शिवारात पाईप पडले तेव्हा शेतकऱ्यांनी आपापला हिस्सा भरला. माझ्या बांधाला बांध असलेल्या एका बाईंनी त्यासाठी सोसायटीचे कर्ज उचलले. पतीच्या मागे चार माणसांचे घर त्या एकट्या ओढतात. पहिल्या हंगामांत कलेक्टरच्या तोंडातून अखंड धार लागली होती. ते पाणी जिभेला लावले तर खारट-तुरट लागायचे. पुढच्या लावणीला त्यांच्या रानात उगवण भरली, बेणे सडले नाही. वरच्या अंगाला तर त्यांनी हरभराही घेतला. मग २०१९ च्या ऑगस्टचा महापूर आला, २०२१ ला पुन्हा आला. ओढ्यात गाळ बसला. पाणंदीखाली घातलेल्या नळ्या आधीच लहान, त्या निम्म्या बुजल्या. काही जणांनी ओढ्याचे काठ नांगरून आत घेतले आहेत. उरलेल्या पात्रात पाणकणीस आणि बेशरम माजली. आज कलेक्टरचे तोंड ओढ्याच्या पाण्याखाली हातभर बुडालेले आहे. चेंबरचे झाकण उघडले की पाणी स्थिर उभे दिसते; वर शेवाळ धरलेले. बाहेर जाण्याऐवजी पावसाळ्यात ओढ्याचेच पाणी पाईपातून उलटे शेतात येते. त्या बाईंचे कर्ज अजून चालू आहे आणि रानात पांढरे पुन्हा दिसू लागले आहे.

ओढा साफ करा म्हणून आम्ही अर्ज दिले. एका कार्यालयाने सांगितले, पाईपांचे काम आमचे होते, ओढा आमचा नाही. दुसऱ्याने सांगितले, ओढा महसुली नकाशात आहे, पण त्यासाठी आमच्याकडे लेखाशीर्ष नाही. तिसऱ्याने ग्रामपंचायतीकडे बोट दाखवले आणि ग्रामपंचायतीकडे पोकलेनच्या डिझेलपुरताही पैसा नाही. साहेब लोक वागायला वाईट नव्हते. आमच्यासमोर फाईल काढून पाहत होते. ओढ्याला मालकच नाही, ही खरी गोम. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमात नैसर्गिक निचऱ्याच्या प्रवाहातले अडथळे हटवण्याचे अधिकार सरकारला आहेत. मग निचरा योजनेला मंजुरी देतानाच तिच्या खालचा ओढा नदीपर्यंत कोणत्या कार्यालयाचा, त्याचा गाळ दर मे महिन्यात कोणत्या निधीतून निघणार, हे त्याच आदेशात लिहायला काय हरकत आहे? ओढा आधी, पाईप नंतर, हा क्रम सक्तीचा करावा. नुसते पाईप मोजून योजना पूर्ण झाल्याचे दाखले देणे बंद व्हावे.

समजा, ओढे साफ झाले. सगळ्या शिवारांची तोंडे मोकळी झाली. तेव्हा ते सगळे मीठ जाणार कुठे? वारणेत. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. तिथून खाली म्हैसाळला कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून मिरजेच्या पूर्व भागात, कवठे महांकाळला, जतला जाते. पावसाळ्यात नदी भरून वाहते, तेव्हा आमचे मीठ तिच्यात विरून जाईल, हे मलाही कळते. पण मार्च ते मे या काळात नदीत पाणी कमी, बंधाऱ्यांनी अडवलेले, आणि नेमकी तेव्हाच दुष्काळी भागाला पाळी सुटते. ज्या जतच्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या पाण्याची वाट पाहिली, त्याच्या शेतात आमच्या चिबडाचे किती मीठ जाते, हे त्याला कळायला नको का? आणि म्हैसाळच्या खाली शिरोळ आहे, त्यापुढे कर्नाटक आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेत हे घडून गेले आहे. माझी पुतणी कृषी पदवीधर आहे, तिने मिळवून दिलेल्या कागदांतून मी ते समजून घेतले. कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात, ॲरिझोना राज्यात, वेल्टन-मोहॉक नावाचा सिंचनाचा पट्टा आहे. तिथेही जमिनीखाली खारे पाणी साचले. १९६१ मध्ये ते विहिरींतून उपसून नदीकडे सोडायला सुरुवात झाली. वरच्यांची शेते वाचली आणि खाली मेक्सिकोत पोचणारे पाणी एकाएकी खारट झाले. मेक्सिकली खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची पिके बसली, रस्त्यावर आंदोलने झाली, प्रकरण दोन देशांच्या सरकारांपर्यंत गेले. १९७३ मध्ये समझोता झाला. १९७४ मध्ये अमेरिकेने त्या नदीखोऱ्यातील क्षार नियंत्रणासाठी वेगळा कायदाच केला. त्या कायद्याखाली युमा येथे निचऱ्याचे पाणी गोडे करण्याचा मोठा प्रकल्प उभारला. तो १९९२ मध्ये पूर्ण झाला आणि थोडा थोडा काळ चालल्यापलीकडे बंदच राहिला. खारे पाणी वेगळ्या कालव्याने नदीला वळसा घालून पुढे नेऊन सोडावे लागले. त्याच कायद्याखाली वरच्या अंगाला जी साधी कामे झाली, कालव्यांना अस्तर, मातीच्या पाटांऐवजी पाईप, शेतात बेताचे पाणी, ती मात्र टिकली. मीठ नदीत पडल्यावर काढण्यापेक्षा ते नदीपर्यंत येऊ न देणे स्वस्त पडते, हा त्यांचा अनुभव आहे.

मला त्याहून जवळचे वाटते ते ऑस्ट्रेलियातले काम, कारण ते खतावणीचे काम आहे. मरे-डार्लिंग या त्यांच्या एका मोठ्या नदीखोऱ्यात अनेक राज्ये वाटेकरी आहेत. १९८८ मध्ये त्यांनी क्षार आणि निचरा यांविषयी एकत्र धोरण ठरवले. खालच्या अंगाला, दक्षिण ऑस्ट्रेलियात, मॉर्गन नावाचे ठिकाण आहे. तिथे नदीच्या पाण्याची वाहकता ९५ टक्के काळ ८०० मायक्रोसायमन प्रति सेंटीमीटरच्या (आपल्या मापात ०.८ ईसीच्या) खाली राहिली पाहिजे, असे लक्ष्य धरले. आणि नोंदवही उघडली. एखाद्या राज्याने नवे सिंचन वाढवले किंवा निचऱ्याचे पाणी नदीत सोडले, तर त्यामुळे मॉर्गनला क्षार किती वाढेल ते काढून त्या राज्याच्या नावे टाकायचे. कोणी खारे भूजल नदीत शिरण्याआधीच उपसून दूरच्या तळ्यांत नेले, तर ते त्याच्या जमेला. नावे बाजू जमेपेक्षा वाढू द्यायची नाही. अशा उपशाच्या योजना तिथे वर्षाला ५ लाख टनांच्या आसपास मीठ नदीपासून लांब ठेवतात. त्यांचे मीठ आपल्यापेक्षा निराळे आहे, त्यांच्या जमिनीखाली मुळातच खारे भूजल आहे. आपले बरेचसे आपण सिंचनाने वर आणलेले. म्हणून त्यांचे पंप आणि तळी इकडे आणा, असे मी म्हणत नाही. त्यांची वही तेवढी आणावी.

आपल्या जिल्ह्यात ती वही ठेवायला फार काही लागत नाही. ईसी मोजणारा, हातात मावणारा मीटर काही हजार रुपयांत मिळतो. कलेक्टरच्या तोंडाशी बादली आणि घड्याळ घेऊन बसले की धार मोजता येते. समजा, सेकंदाला १ लिटर धार आहे आणि पाण्याची ईसी ५ आहे. अशा पाण्यात लिटरला साधारण ३.२ ग्रॅम क्षार असतो. दिवसाला ८६,४०० लिटर पाणी, म्हणजे एका तोंडातून एका दिवसात २७५ किलोच्या वर मीठ बाहेर पडले. महिन्यातून एकदा हे मोजले तरी वर्षाअखेर प्रत्येक योजनेने किती टन मीठ काढले ते कळेल. आत किती गेले याचा अंदाज संस्थांच्या पाणी-नोंदींवरून निघेल. ज्या योजनेतून बाहेर जाणारे मीठ एकदम घटले तिथे जमीन स्वच्छ झाली किंवा तोंड बुजले, दोहोंपैकी एक. आणि दोन्ही वेळा कोणीतरी जाऊन पाहायला हवे. आमच्या शेजारीण बाईंचे रान अशा एका आकड्याने वेळीच वाचले असते.

हेच मोजमाप प्रत्येक ओढा वारणेला मिळतो तिथे, हरिपूरच्या संगमाच्या अलीकडे आणि म्हैसाळला पंपगृहापाशी व्हावे. निदान नोव्हेंबर ते मे दर महिन्याला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतेच. चिबड गावांतल्या विहिरींवर त्याच फेरीत पाण्याची ईसीही पाहावी आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. आमच्या गावात दूध संघाचा फॅट आणि कारखान्याचा दर पोराटोरांना तोंडपाठ असतो. पाण्याची पातळी पाच फुटांवर आली की मीठ फुटायची वेळ झाली, हेही फलकावर आकडा असला तर तोंडपाठ होईल.

जास्त पाणी दिल्याबद्दल शेतकऱ्याला नुसते बोल लावणारे लेख मी वाचतो. त्यावर एवढेच सांगतो, की शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. अंधारात, साप-विंचवाच्या रानात, माणूस दारे मोडत बसत नाही. मोटार सुरू करून घरी येतो आणि सकाळपर्यंत सरी तुंबते. त्यात आमच्यासारख्या बहुतेक संस्थांची पाणीपट्टी एकरावर आहे. कमी पाणी घेणारा आणि जास्त घेणारा सारखेच पैसे भरतात. घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी देण्याची तरतूद २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात आहे, पण ती प्रामुख्याने कालव्यावरच्या संस्थांसाठी वापरली गेली. नदीवरच्या उपसा संस्थांना मीटर बसवायला आणि दिवसाची वीज द्यायला सरकारने मदत केली, तर निम्मे दुखणे पाईप न घालताच हलके होईल. ठिबकचे अनुदान आहे. ते वेळेवर मिळावे. यापेक्षा जास्त त्याविषयी इथे लिहीत नाही.

जिल्हाधिकारी, कृषी विभाग, जलसंपदा विभाग आणि भूजल यंत्रणा यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे, की एकत्र बसून ही नोंदवही कोणत्या कार्यालयात राहील ते ठरवावे आणि नोंदीचा नमुना गावांना द्यावा. वारणाकाठच्या काही पाणीपुरवठा संस्थांच्या सचिवांशी माझे बोलणे झाले आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कलेक्टरच्या तोंडाशी धार आणि ईसी मोजून देण्याची त्यांची तयारी आहे. त्याचे मानधन कोणी मागितलेले नाही. मीटरची तपासणी कसबे डिग्रजच्या केंद्रात वर्षातून एकदा करून मिळाली तर नोंदींवर कोणी शंका घेणार नाही. आणि आमच्या ओढ्याचा गाळ येत्या मेमध्ये, वळवाच्या आधी, निघावा. जूनमध्ये पोकलेन ओढ्यात उतरत नाही.

आपला नम्र,
सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा एक सचिव,
वारणाकाठ, ता. वाळवा, जि. सांगली